थांबून बोलणारा माणूस : बॉब न्यूहार्ट



'माझा आवडता कलावंत' हा निबंध आपण मुलांकडून दरवर्षी लिहून घेतो. तीस वह्या तपासायला घेतल्या की पंचवीस वह्यांत तीच दोन-तीन नावं सापडतात. आज हा विषय मी स्वतःसाठी घेतला आहे. माझे आवडते कलावंत मराठी नाहीत आणि हिंदीतलेही नाहीत. ते अमेरिकेतले होते. त्यांचं नाव बॉब न्यूहार्ट.

न्यूहार्ट हे स्टँड-अप कॉमेडियन होते. म्हणजे रंगमंचावर एकट्याने उभं राहून, फक्त बोलून लोकांना हसवणारे कलाकार. पुढे ते टीव्ही मालिकांचे नायक झाले आणि अमेरिकेतल्या घराघरांत पोहोचले. पण त्यांच्यावर इथे लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. न्यूहार्ट अडखळत बोलायचे. बोलण्यावरच पोट असलेला हा माणूस आयुष्यभर अडखळतच बोलला आणि त्याने ते कधी लपवलं नाही. आपल्या शाळेत अडखळत बोलणारं एखादं तरी मूल असतंच. त्या मुलाकडे बघताना मला न्यूहार्ट यांचा फार उपयोग झाला, म्हणून हा निबंध.

हिशेबनीस ते कलाकार

बॉब न्यूहार्ट यांचा जन्म ५ सप्टेंबर १९२९ रोजी शिकागोजवळच्या ओक पार्क या गावी झाला. ५ सप्टेंबर म्हणजे आपला शिक्षक दिन, त्यामुळे ही तारीख माझ्या लगेच लक्षात राहिली. त्यांचं पाळण्यातलं नाव जॉर्ज रॉबर्ट. वडिलांचंही नाव जॉर्जच होतं, म्हणून घरात गोंधळ नको यासाठी मुलाला सगळे बॉब म्हणू लागले. शिकागोच्या लोयोला विद्यापीठातून १९५२ साली त्यांनी व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी घेतली. त्यानंतर दोन वर्षं सैन्यात सक्तीची नोकरी झाली. परत आल्यावर शिकागोमध्येच त्यांनी हिशेबनिसाची, म्हणजे अकाउंटंटची नोकरी धरली.

या नोकरीचा किस्सा ते स्वतःच रंगवून सांगत. किरकोळ खर्चाच्या पेटीतले पैसे आणि पावत्या कधी जुळायच्या नाहीत. दीड-दोन डॉलरचा फरक शोधण्यात दोन-तीन तास घालवण्यापेक्षा ते सरळ आपल्या खिशातून पैसे टाकत. जास्त निघाले तर काढून घेत. हिशेब साधारण जुळला म्हणजे झालं, असं त्यांचं तत्त्व! शालेय पोषण आहाराचा तांदूळ ग्रॅममध्ये जुळवणाऱ्या आपल्या मुख्याध्यापकांना हे वाचून घामच फुटेल.

पुढे १९५८ च्या सुमारास ते एका चित्रपट आणि टीव्ही निर्मिती संस्थेत जाहिरातींचा मजकूर लिहू लागले. तिथे एड गॅलाघर नावाचे सहकारी होते. कंटाळा आला की हे दोघं एकमेकांना फोन करून काहीतरी विचित्र, लांबलचक संभाषण रचायचे. ते त्यांनी ध्वनिमुद्रित करून रेडिओ केंद्रांना पाठवायला सुरुवात केली. मग गॅलाघर दुसरी नोकरी मिळाली म्हणून न्यूयॉर्कला निघून गेले आणि न्यूहार्ट एकटे पडले.

आता दोघांचं संभाषण एकट्याने कसं करायचं? न्यूहार्ट यांनी जोडीदाराच्या जागी दुसरा माणूस घेतला नाही. त्यांनी ती जागा मोकळीच ठेवली. फोन कानाला लावायचा, आपलं वाक्य बोलायचं, मग थांबायचं. पलीकडचा माणूस काय बोलला ते प्रेक्षकांनी ओळखायचं. यातूनच त्यांचा प्रसिद्ध 'एकतर्फी फोन' तयार झाला.

मोकळी जागा कोण भरतं?

एक उदाहरण देते. अब्राहम लिंकन आपल्या मुलांना माहीत असतात ते त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या, मुख्याध्यापकांना लिहिलेल्या पत्रामुळे. त्यांचं १८६३ सालचं गेटिसबर्ग इथलं भाषण जगप्रसिद्ध आहे. न्यूहार्ट यांनी कल्पना केली की लिंकन यांना आजच्यासारखा एक जाहिरात सल्लागार असता तर? रंगमंचावर फक्त तो सल्लागार दिसतो, हातात फोन. लिंकन दिसत नाहीत आणि ऐकूही येत नाहीत. सल्लागार ऐकतो, थांबतो आणि काकुळतीला येऊन उत्तर देतो. त्याच्या उत्तरांवरून आपल्याला कळतं की लिंकन दाढी काढायचं म्हणताहेत, भाषणात आपल्या मनाने बदल करताहेत. लिंकन यांचा एकही शब्द आपण ऐकत नाही, तरी त्यांचा हट्टी स्वभाव डोळ्यांपुढे उभा राहतो.

दुसरा प्रसंग मोटार शिकवणाऱ्या माणसाचा. शेजारी गाडी शिकणाऱ्या बाई आहेत, पण त्याही आपल्याला दिसत नाहीत. मास्तर अगदी सभ्यपणे सूचना देतो, मधेच थांबतो, पुन्हा सभ्यपणे बोलतो. त्या थांबण्यात गाडी कुठे चालली आहे हे आपणच मनात बघतो आणि हसतो. विनोद न्यूहार्ट करतात, पण तो पूर्ण होतो ऐकणाऱ्याच्या डोक्यात.

फेब्रुवारी १९६० मध्ये ह्यूस्टन शहरातल्या टाइडलँड्स नावाच्या क्लबमध्ये त्यांच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण झालं. गंमत म्हणजे त्याआधी त्यांनी अशा क्लबमध्ये कधी कार्यक्रमच केला नव्हता! 'द बटन-डाउन माइंड ऑफ बॉब न्यूहार्ट' या नावाने ती तबकडी बाजारात आली आणि अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेली. विनोदी बोलण्याची तबकडी पहिल्या क्रमांकावर जाण्याची ती पहिलीच वेळ. १९६१ च्या ग्रॅमी पुरस्कारांत 'वर्षातील सर्वोत्तम अल्बम' हा मान तिलाच मिळाला. स्पर्धेत फ्रँक सिनात्रा आणि नॅट किंग कोल यांच्यासारख्या गायकांचे अल्बम होते. दोन वर्षांपूर्वी जाहिरातींचा मजकूर लिहिणारा एक साधा माणूस, पट्टीच्या गायकांच्या पुढे गेला. तोही अडखळत बोलून.

हे अडखळणं अभिनयाचा भाग नव्हतं. घरी, मुलाखतीत, रंगमंचावर ते असेच बोलत. शब्दाच्या सुरुवातीला थोडं अडकायचं, मग पुढे जायचं. इतरांना जे व्यंग वाटलं असतं त्याला त्यांच्या कलेत आपोआप जागा मिळाली, कारण त्यांची कलाच थांबण्यावर उभी होती. फोनवरचा माणूस ऐकण्यासाठी थांबतोय की शब्दात अडकलाय, हे प्रेक्षकांना वेगळं काढता येत नव्हतं आणि काढायची गरजही नव्हती.

टीव्हीवरचा ऐकणारा नायक

१९६१ मध्ये त्यांना टीव्हीवर पहिला स्वतःचा कार्यक्रम मिळाला. त्याला मानाचे पुरस्कार मिळाले, तरी एका हंगामातच तो बंद झाला. खरं यश मिळालं ते अकरा वर्षांनी. १९७२ ते १९७८ या काळात 'द बॉब न्यूहार्ट शो' ही मालिका चालली. तिचे १४२ भाग झाले. यात ते शिकागोतल्या एका मानसशास्त्रज्ञाच्या, डॉ. हार्टली यांच्या भूमिकेत होते.

ही भूमिका त्यांच्यासाठी मुद्दाम शोधलेली होती. मालिका रचणाऱ्यांनी विचार केला की हा माणूस सगळ्यात विनोदी कधी दिसतो? तर ऐकताना. मग ज्याचं कामच ऐकणं आहे असा धंदा त्याला द्यावा. मालिकेत त्यांच्याभोवती सगळी चक्रम, भांडखोर, घाबरट माणसं बडबडत असतात आणि नायक मध्ये शांत बसून ऐकतो. तो फक्त भुवई उचलतो, 'म्हणजे... तुम्ही...' असं म्हणत अडखळतो आणि प्रेक्षक खो-खो हसतात. सांगायला आनंद वाटतो की या मालिकेत त्यांची पत्नी एमिली ही शाळेतली शिक्षिका दाखवली आहे. सुझॅन प्लेशेट यांनी ते काम केलं होतं. नायकाला मूर्ख बाप दाखवून हसवणाऱ्या मालिका तेव्हा पुष्कळ होत्या, म्हणून न्यूहार्ट यांनी या जोडप्याला मुलंच नकोत अशी अट घातली होती.

नंतर १९८२ ते १९९० या काळात 'न्यूहार्ट' ही दुसरी मालिका आली. तिच्यात ते व्हरमाँट राज्यातल्या खेड्यात जुनं विश्रामगृह चालवणारे लेखक होते. तिचे १८४ भाग झाले. शेवटच्या भागात त्यांना गोल्फचा चेंडू लागतो, अंधार होतो. जाग येते तेव्हा ते आधीच्या मालिकेतल्या बेडरूममध्ये असतात आणि शेजारी एमिली! म्हणजे आठ वर्षांची अख्खी मालिका हे डॉ. हार्टली यांना पडलेलं स्वप्न होतं. हा शेवट गुप्त ठेवला होता. ती जुनी खोली दिसताच स्टुडिओतल्या प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. अमेरिकेत आजही मालिकांच्या उत्तम शेवटांची चर्चा निघाली की या भागाचं नाव निघतं.

त्यांच्या बोलण्याचा एक किस्सा ते नेहमी सांगत. एकदा एका भागाची लांबी वाढत होती. निर्मात्याने विचारलं, जरा ते अडखळणं कमी करता येईल का? न्यूहार्ट यांनी साफ नकार दिला. या अडखळण्यानेच मला बेव्हर्ली हिल्समध्ये घर घेऊन दिलंय, असं त्यांचं उत्तर होतं. बेव्हर्ली हिल्स म्हणजे लॉस एंजेलिसजवळची श्रीमंतांची वस्ती.

आजच्या तरुणांनी त्यांना पाहिलं असेल ते 'द बिग बँग थिअरी' या मालिकेत. त्यात ते प्रोफेसर प्रोटॉन आहेत, म्हणजे पूर्वी टीव्हीवर मुलांना विज्ञानाचे प्रयोग दाखवणारे एक म्हातारे गृहस्थ. मीही त्यांना पहिल्यांदा तिथेच पाहिलं. या भूमिकेसाठी त्यांना २०१३ साली एमी पुरस्कार मिळाला. इतक्या वर्षांत अनेकदा नामांकन होऊनही अभिनयासाठी मिळालेला हा त्यांचा पहिला एमी. तेव्हा त्यांचं वय होतं ८४! १८ जुलै २०२४ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आपल्या वर्गातलं अडखळणं

आता आपल्या वर्गाकडे येऊ. माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचं नाव इथे देत नाही. गणितात हुशार, खो-खोत चपळ. पण हजेरीला नाव पुकारलं की 'हजर' मधला 'ह' त्याला सुटायचा नाही. मान वाकडी व्हायची, डोळे मिटायचे. मागून कुणीतरी हळूच म्हणायचं, "नेटवर्क गेलं." आणि सगळा वर्ग हसायचा. एकदा त्याचे वडील शाळेत आले आणि म्हणाले, "मॅडम, त्याला उभं करून बोलायला नका लावू. पोरं हसत्यात. घरी येऊन जेवत नाही तो." वडिलांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पोटच्या पोराला कुणी हसलेलं कुणाला बघवेल? पण मुलाला कधीच बोलायला लावायचं नाही, हाही उपाय मला पटत नव्हता. आज दहा वर्षांचा आहे. उद्या दुकानात, बँकेत, मुलाखतीला तो काय करणार?

गंमत बघा, कविता सगळ्यांनी एका सुरात म्हणायची असली की हाच मुलगा एकदाही अडखळत नसे. राष्ट्रगीत, प्रार्थना, पाढे सगळं खणखणीत. तोतरेपणात हे बऱ्याच मुलांच्या बाबतीत दिसतं. गाताना किंवा सगळ्यांबरोबर म्हणताना जीभ मोकळी होते. म्हणजे मुलाला येत नाही असं नसतं, किंवा ते मुद्दामही करत नसतं. साधारण शंभर मोठ्या माणसांत एकाला हा त्रास असतो. मुलांत प्रमाण जास्त असतं आणि बऱ्याच मुलांचा तो वाढत्या वयात कमी होतो. तोतरेपणा हुशारीशी जोडलेला नाही. 'कुणाची नक्कल केली म्हणून झालं' हाही गैरसमजच.

मी दोन गोष्टी केल्या. पहिली, हजेरीची पद्धत बदलली. 'हजर' हा एकच शब्द म्हणण्याची सक्ती काढली. कुणी हात वर करावा, कुणी आवडत्या फळाचं नाव सांगावं, कुणी 'आलोय' म्हणावं. ही सूट एकट्या त्याला दिली नाही, सगळ्या वर्गाला दिली. वर्गालाही मजा वाटली. तो बहुतेक वेळा हात वर करायचा आणि कधी 'आंबा' म्हणायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे न्यूहार्ट यांचा फोन. भाषेच्या तासाला संवादलेखन असतंच. मी सांगितलं, फोनवर बोलायचं, पण पलीकडचा माणूस आपल्याला ऐकू येणार नाही. तो काय म्हणाला ते वर्गाने ओळखायचं. आणि नियम एकच, प्रत्येक वाक्यानंतर थांबायचं. जो थांबणार नाही तो बाद. पहिल्याच दिवशी धडाधड बोलणारी मुलं बाद झाली, कारण त्यांना थांबताच येईना.

हा मुलगा चौथ्या दिवशी आपणहून उठला. त्याने आपल्या कमी ऐकू येणाऱ्या आजीला फोन लावला. "आजी, मी श... शाळेतनं बोलतोय." थांबला. "न्हाई गं, शेळी न्हाई, शाळा!" पुन्हा थांबला. "अगं शेळी घरीच हाय!" वर्ग हसून लोळायला लागला. पण आज हसू होतं ते आजीवर आणि शेळीवर. मध्ये दोनदा तो खरोखर अडकला. मी त्याच्याकडे बघत होते म्हणून मला कळलं. वर्गाला वाटलं, आजी बोलतेय.

यामुळे त्याचा तोतरेपणा गेला का? नाही गेला. खेळाने तो जात नसतो आणि कुणी तसं आश्वासनही देऊ नये. शाळेत आरोग्य तपासणीला पथक आलं तेव्हा मी त्यांना हे सांगितलं आणि त्यांनी वाचा उपचारतज्ज्ञांकडे जायचा सल्ला दिला. वडील त्याला घेऊन जाऊ लागले. बदललं ते इतकंच की तो आता परिपाठात बातमी वाचायला हात वर करतो. अडखळतो, थांबतो, पुढे वाचतो. आणि 'नेटवर्क गेलं' हे ऐकू येत नाही.

थांबणं आपल्यासाठीही

अमेरिकेतल्या विज्ञान-शिक्षण अभ्यासक मेरी बड रो यांनी वर्गातल्या संभाषणांचा अभ्यास केला होता. त्यांना दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात. हे थांबणं तीन सेकंदांपर्यंत वाढवलं तर मुलांची उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. उद्या वर्गात मनात एक, दोन, तीन मोजून बघा. तीन सेकंद किती मोठे वाटतात ते कळेल.

अडखळणाऱ्या मुलासाठी तर हे थांबणं फारच महत्त्वाचं. त्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही. 'हळू बोल', 'घाबरू नकोस', 'श्वास घे' असं मध्येच म्हणायचं नाही. नजर त्याच्याकडे ठेवायची आणि तो काय सांगतोय ते ऐकायचं. आणि त्याची नक्कल करून हसवणारी नाटिका स्नेहसंमेलनात बसवायची नाही. आपल्या सिनेमा-नाटकांत तोतरं पात्र म्हटलं की हमखास हशा, हे मुलांनी पाहिलेलं असतं. न्यूहार्ट यांच्यावरही लोक हसले. पण ते न्यूहार्ट यांनी रचलेल्या विनोदावर हसले. नकलेतला हशा दुसऱ्याच्या हातात असतो, विनोदातला आपल्या हातात. हा फरक चौथीच्या मुलांना समजावून सांगितला की कळतो.

शिकागोच्या नेव्ही पिअर या ठिकाणी न्यूहार्ट यांचा कांस्य पुतळा आहे. डॉ. हार्टली यांच्या रूपात ते खुर्चीत बसले आहेत आणि समोर एक रिकामा कोच आहे. येणारेजाणारे त्या कोचावर बसून फोटो काढतात. एवढा बोलण्यासाठी गाजलेला माणूस, पण पुतळा केला तो ऐकतानाचा.

वर्गात घेण्यासाठी उपक्रम : एकतर्फी फोन

(इयत्ता तिसरी ते पाचवी, वेळ ३० मिनिटं)

१. मुलांना विषय द्या : आजीला फोन, बस चुकल्याचा फोन, हरवलेल्या छत्रीबद्दल दुकानदाराला फोन, शिवाजी महाराजांच्या काळात फोन असता तर किल्लेदाराला फोन.

२. एका मुलाने फक्त आपली बाजू बोलायची. प्रत्येक वाक्यानंतर मनात तीन मोजून थांबायचं.

३. वर्गाने पलीकडच्या माणसाची वाक्यं वहीत लिहायची. मग सगळ्यांनी वाचून दाखवायची. एकाच थांबण्यात पाच मुलांनी पाच वेगळी वाक्यं लिहिलेली असतात, त्यावर छान चर्चा होते.

४. अडखळत बोलणारं मूल असेल तर त्याला पहिल्या दिवशी पुढे बोलावू नका आणि त्याला वगळूही नका. इतर मुलांचे फोन त्याला बघू द्या. तो स्वतः हात वर करेल त्या दिवशी त्याचा नंबर लावा.